फाइल कुठून सुरू करायची? बौद्धिक दिव्यांग आणि स्वमग्न मुलांच्या घरांसाठी

मूल नावाने हाक मारली तरी वळून बघत नाही, बोट दाखवून मागत नाही, त्याच्या वयाची पोरं सहज करतात ते त्याला जमत नाही, असं लक्षात आलं की घरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं आधी दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट काढा. कुणी म्हणतं पुण्या-मुंबईला दाखवा. आणि एखादी आत्या असतेच, जी समजावते, ‘याचा बापही उशिराच बोलला होता, होईल सगळं.’

माझा धाकटा भाऊ आता २९ वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, शिवाय स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. त्याचे कागद आधी बाबा सांभाळायचे, गेली काही वर्षं मी सांभाळते. आमच्या तालुक्याच्या गावात आता नवीन आईवडील अधूनमधून घरी येतात आणि विचारतात, ‘ताई, पहिल्यांदा कुठे जायचं?’ त्यांना मी जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. मुलाला मदत आजपासून सुरू करायची, कागदपत्रं तिच्या जोडीने करायची. सर्टिफिकेट मिळेपर्यंत थेरपी थांबवलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. थेरपी चालू आहे म्हणून कागदांकडे पाठ फिरवलेली घरंही पाहिली आहेत. पहिल्यांची लहानपणातली मोलाची वर्षं जातात, दुसऱ्यांना मूल अठरा वर्षांचं झाल्यावर धक्का बसतो.

शब्दांचंही एक सांगून टाकते. जुन्या पाट्यांवर आणि जुन्या कागदांवर ‘मतिमंद’ असतं, बोलताना लोक ‘गतिमंद’ म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ आणि ‘स्वमग्नता’ अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. अर्जावर हेच शब्द वापरा. ते नुसते बरे वाटतात म्हणून नव्हे, कागद अडू नये म्हणून. ते का, पुढे येईलच.

शंका आली त्या आठवड्यात

अंगणवाडी सेविका किंवा आशाताईला सांगा. तुमच्याकडचं माता व बालसंरक्षण कार्ड उघडा, कोणत्या महिन्यात बाळाला काय यायला हवं ते त्यात चित्रांसकट दिलेलं असतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. पण पथक येईल म्हणून वाट बघत बसू नका. याच कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ असतं. सिव्हिलमध्ये चौकशीच्या खिडकीवर लोक त्याला ‘डीईआयसी’ म्हणून ओळखतात, तेच नाव विचारा. बालरोगतज्ज्ञ, वाचा-उपचार, फिजिओथेरपी, मानसशास्त्रज्ञ हे सगळे एका ठिकाणी मिळावेत, हा त्या केंद्राचा हेतू आहे. प्रत्येक जिल्ह्यात सगळी पदं भरलेली असतातच असं नाही. पण सुरुवात तिथून केलीत की पुढे कुठे जायचं त्याची चिठ्ठी मिळते, आणि तपासणीला पैसे पडत नाहीत.

बोलणं उशिरा येत असेल तर कानांची तपासणी आधी करून घ्या. ‘बेरा’ नावाची चाचणी असते, बाळ झोपलेलं असताना करतात. ऐकू कमी येणारं मूल स्वमग्न समजलं जाऊन वर्ष वाया गेलेली उदाहरणं आहेत, आणि उलटंही घडतं.

थेरपी सुरू केलीत की एक गोष्ट मनाशी पक्की करा. आठवड्यातून दोनदा पाऊण तास कुणीतरी मुलाबरोबर बसतं, बाकीचा सगळा आठवडा मूल तुमच्याजवळ असतं. म्हणून प्रत्येक वेळी थेरपिस्टला विचारा: या आठवड्यात घरी काय करायचं? पोळी लाटताना, आंघोळीच्या वेळी, दुकानात जाताना करता येईल असं एकच काम मागून घ्या. जे थेरपिस्ट दार लावून घेतात आणि आत काय केलं ते सांगत नाहीत, त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नाही.

विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळतो. तो क्रमांक विचारायला संकोच करू नका. चांगला माणूस तो आनंदाने दाखवतो.

आणि ‘बरं करून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. स्वमग्नता हा काही उतरणारा ताप नाही. स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराच्या नावाखाली लोकांनी जमिनी विकल्या आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वच्छ सांगितलं की स्वमग्नतेवर उपचार म्हणून स्टेम सेल थेरपीची शिफारस करता येत नाही. तेवढ्या पैशात मुलाची कितीतरी वर्षांची नियमित थेरपी होते.

दाखला आणि यूडीआयडी कार्ड

बहुतेक योजनांना लागणारा कागद एकच: दिव्यांगत्वाचा दाखला आणि त्याच्याबरोबर मिळणारं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र. अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. घरी जमत नसेल तर सेतू केंद्रात किंवा आपले सरकार केंद्रात भरून मिळतो. मुलाचा फोटो, आधार आणि पत्त्याचा पुरावा लागतो. अर्जात रुग्णालय निवडायचं असतं, ते आपल्याच जिल्ह्यातलं निवडा. नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच्या तसं टाका. एका अक्षराच्या फरकाने पुढे प्रत्येक खिडकीवर अडतं.

अर्ज भरून झाला की तपासणी. बहुतेक रुग्णालयांत दिव्यांग तपासणीचे वार ठरलेले असतात, आणि बौद्धिक दिव्यांगत्वाचा वार वेगळा असू शकतो. जायच्या आधी फोन करून किंवा कुणाला पाठवून वार पक्का करा. काही जिल्ह्यांत चाचणी घेणारे मानसशास्त्रज्ञ नसतात, मग मेडिकल कॉलेजला किंवा ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी जवळच्या ठिकाणी पाठवतात. मनोरुग्णालयाचं नाव ऐकून घाबरू नका. तिथे चाचणी होते, तुमच्या मुलाला कुणी ठेवून घेत नाही.

तपासणीच्या दिवशी काय घडतं हे आधी माहीत असलं तर तो दिवस निभावतो. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी एक बुद्ध्यंकाची चाचणी होते आणि दुसरी व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची. ही दुसरी मुख्यतः आईवडिलांना प्रश्न विचारून होते. स्वतः जेवतो का, बटणं लावतो का, संडासला जाऊन स्वतःला स्वच्छ करतो का, एकटा रस्ता ओलांडतो का, पैसे ओळखतो का. स्वमग्नतेसाठी ‘इसा’ नावाची भारतात तयार केलेली मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि ७० पासून पुढे गुण आले की स्वमग्नता धरतात.

इथेच आपल्याकडचे आईवडील चुकतात, आणि ते प्रेमापोटी चुकतात. साहेबांसमोर मुलाचं कौतुक करावंसं वाटतं. ‘सगळं करतो हो तो, हुशार आहे’, असं आई म्हणते. पण प्रश्न असा असतो की तो हे न सांगता, मदतीशिवाय, रोज करतो का? ‘करतो’ आणि ‘तीनदा सांगितल्यावर, बाजूला उभं राहिलं तर करतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या आईने पहिल्यांदा ‘आंघोळ करतो’ असं सांगितलं होतं. खरं म्हणजे बादली ती भरायची, पाण्याचं ऊन-गार ती बघायची आणि साबणही तीच लावायची. आदल्या रात्री एका कागदावर लिहून काढा: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठे कुठे हात लावावा लागतो. वाईटातला वाईट दिवस कसा असतो तेही लिहा. खोटं वाढवून सांगू नका, त्याची गरजच नसते. चाचणीत सौम्य म्हणून आलेलं बौद्धिक दिव्यांगत्वही दाखल्यावर ५० टक्के धरलं जातं, आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते.

बरोबर काय न्यायचं: शाळेचा अहवाल, थेरपिस्टची चिठ्ठी, जुने केस पेपर, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स. घरी मूल कसं वागतं त्याचे मोबाइलवर दोन-तीन छोटे व्हिडिओ, कारण अनोळखी खोलीत ते एकदम गप्प बसू शकतं किंवा एकदम बिथरू शकतं. पाणी, डबा, त्याची आवडती वस्तू. रांगेतला गोंगाट सोसत नसेल तर कानांवर लावायचे मोठे हेडफोन. दोघांनी जा. एक रांगेत उभा राहील, दुसरा मुलाला बाहेर झाडाखाली घेऊन बसेल.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. टक्केवारीच्या आधी ‘दिव्यांगत्वाचा प्रकार’ बघा. भावाच्या पहिल्या ऑनलाइन दाखल्यावर बौद्धिक दिव्यांगत्वाच्या जागी ‘मानसिक आजार’ पडलं होतं. टक्के बरोबर होते म्हणून आम्ही खूश होऊन घरी आलो. पुढे आरोग्य विम्याचा अर्ज परत आला तेव्हा चूक कळली, आणि दुरुस्तीसाठी सहा महिने खेटे घालावे लागले. मानसिक आजार हा कायद्यात वेगळा प्रकार आहे आणि त्याच्या योजनाही वेगळ्या आहेत. मुलाला बौद्धिक दिव्यांगत्व आणि स्वमग्नता दोन्ही असतील, तर दोन्ही तपासून नोंदवायची विनंती करा.

कार्डाच्या रंगावरून टक्केवारीचा गट कळतो. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० मध्ये पिवळं, ८० आणि त्यापुढे निळं. लहान मुलांचा दाखला तात्पुरता असतो. बौद्धिक दिव्यांगत्वात ५ वर्षांपर्यंत ‘विकासात एकूण विलंब’ असं निदान लिहितात, मग ५, १० आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण होतं आणि अठराव्या वर्षीचा दाखला कायमचा. मुदतीची तारीख फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. दाखला नाकारला किंवा टक्केवारी पटली नाही तर ९० दिवसांच्या आत अपील करता येतं.

हा दाखला देशभर चालतो. पणजी, बेळगाव, इंदूर, कुठेही बदली झाली तरी तो नव्याने काढायची गरज नाही. राज्याची पेन्शन मात्र बदलते. गोव्यात तिच्यासाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे.

निरामय: हा अर्ज पुढे ढकलू नका

बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास, म्हणजे नॅशनल ट्रस्ट, ही वैधानिक संस्था आहे. तिची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण, आणि नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये. आधी वैद्यकीय तपासणी नाही, वयाची अट नाही. याचं खरं मोल थेरपीत आहे. नेहमीचा आरोग्य विमा दवाखान्यात भरती झाल्याशिवाय सहसा काही देत नाही. निरामयमध्ये बाह्यरुग्ण तपासणी, औषधं आणि नियमित थेरपी यांचाही ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च मिळतो. प्रत्येक बिलावर मुलाचं नाव, तारीख, सही-शिक्का हवा. थेरपिस्टकडून पावती घ्यायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, नंतर मागितली की तारखा जुळत नाहीत. दरवर्षी नूतनीकरण करायचं. ते राहिलं तर त्या काळातली बिलं पाण्यात. अर्ज राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करणं सोपं जातं, आणि त्या निमित्ताने त्या संस्थेशी ओळखही होते. ती पुढे फार उपयोगी पडते.

शाळा

४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पालक निवडतील त्या विशेष शाळेत. ‘आमच्याकडे असं मूल घेत नाही’ हे तोंडी उत्तर ऐकून परत येऊ नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखी मागा. लेखी नकार देताना शाळा दहादा विचार करते.

सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते तालुक्याच्या गटसाधन केंद्रात भेटतात. शाळेत येऊच शकत नाही अशा मुलासाठी घरी येऊन शिकवण्याची सोयही त्यातच आहे. खासगी शाळा हवी असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, २५ टक्के जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित घटकात धरतात आणि त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे कित्येक पालकांना माहीत नसतं आणि ते उत्पन्न जास्त म्हणून अर्जच करत नाहीत.

सर्वसाधारण शाळा की विशेष शाळा, यावर लोक हमरीतुमरीवर येतात. मला विचाराल तर मुलाला जिथे कुणीतरी त्याच्या नावाने ओळखतं, मारत नाही आणि रोज काही शिकवतं, ती शाळा चांगली. पाटी कुठलीही असो. जुन्या विशेष शाळांचा अनुभव मोठा आहे: मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून, पुण्याची कामायनी १९६४ पासून, नाशिकची प्रबोधिनी १९७७ पासून काम करते आहे. लहान मुलांच्या विकासासाठी मुंबईत २००१ पासून उम्मीद ही संस्था आहे. तुम्ही लांब राहत असाल तरी एकदा अशा ठिकाणी जाऊन काम कसं चालतं ते बघून या, मग आपल्या गावातल्या शाळेकडून काय मागायचं ते कळतं.

दहावीला बसू शकणाऱ्या मुलांना राज्य मंडळाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, पण त्यांचा प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवायला हवा. नववीतच मुख्याध्यापकांशी बोला. नेहमीचा अभ्यासक्रम झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा, मार्ग आहे. विषय निवडता येतात आणि एकेक करून सोडवता येतात.

पैशांची मदत

तहसील कार्यालयातली संजय गांधी निराधार अनुदान योजना. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम महिना १५०० वरून २५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. उत्पन्नाची मर्यादा कमी आहे, म्हणून उत्पन्नाचा दाखला नीट घ्या. रहिवासी दाखला, रेशन कार्ड, दिव्यांगत्वाचा दाखला आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. पैसे थेट खात्यात येतात. ते अचानक थांबले तर बहुतेक वेळा आधारची जोडणी तुटलेली असते किंवा हयातीचा दाखला राहिलेला असतो. आधी हे दोन तपासा.

दुसरी वाट ग्रामपंचायतीत आहे आणि ती फार कमी लोक चालतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी आपल्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसेवकाला लेखी अर्ज द्या आणि ग्रामसभेत विषय काढा. आमच्या गावात हा निधी कित्येक वर्षं कुणी मागितलाच नव्हता. एका आजोबांनी नातीसाठी सभेत उभं राहून विचारलं, तेव्हापासून दरवर्षी यादी होते.

प्रवासात एसटीच्या साध्या बसला ७५ टक्के सवलत आहे. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि सोबत्याला रेल्वेच्या स्लीपरमध्ये ७५ टक्के. नोकरदार पालकांना आयकराच्या जुन्या करप्रणालीत ‘८०-डीडी’ची वजावट मिळते: ७५ हजार, आणि ८० टक्के व त्यापुढच्या दिव्यांगत्वाला १ लाख २५ हजार. घरात कुणी सरकारी नोकर किंवा निवृत्त असेल तर दिव्यांग मुलाचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी आजच कार्यालयात नोंदवा. अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याला ते आयुष्यभर मिळू शकतं, आणि आईवडिलांच्या मृत्यूनंतर नोंदणी करायला गेलं की फार कठीण होतं.

कुठल्याही कार्यालयात काम अडलं तर पायरी पायरीने वर जा. जिल्हा परिषदेत दिव्यांगांची कामं समाजकल्याण विभाग बघत आला आहे, राज्यात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आणि पुण्यात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. कायद्याखालच्या तक्रारीत राज्य आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. दोन पानांचा साधा मराठी अर्ज पुरतो, वकील लागत नाही.

अठरावा वाढदिवस

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर सांगते.

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं. त्या दिवसापासून आईवडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत. मुलगा स्वतःचे व्यवहार समजून सही करू शकत नसेल तर बँक, पोस्ट, जमिनीचा व्यवहार, सगळीकडे विचारतात: याच्या वतीने सही कोण करणार? बाबांनी भावाच्या नावाने ठेव ठेवली होती. तिची मुदत संपली तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. बँकेतल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘तुमची सही आता चालणार नाही, काका.’ बाबा खुर्चीवर बसून राहिले. मुलाला न्हाऊ-माखू घालणारा बाप आणि कागदावर त्याचं कुणीच नाही, हे त्यांना पटेना.

याला उत्तर आहे. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. मघाच्या चार प्रकारांतल्या सज्ञान व्यक्तीसाठी ही समिती कायदेशीर पालक नेमते. न्यायालयात जावं लागत नाही. आईवडील, भावंडं किंवा इतर नातेवाईक अर्ज करू शकतात. नमुना ‘अ’ भरायचा, सोबत दिव्यांगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, दोघांचे फोटो, पत्त्याचे पुरावे आणि आईवडील हयात असतील तर त्यांची संमती. नोंदणीकृत संस्था यात हात देते. समितीची बैठक कधी लागेल ते जिल्ह्याजिल्ह्यावर असतं, म्हणून सतरावं लागल्यापासून कागद जमवा. हे प्रमाणपत्र बँकांनी स्वीकारावं असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. शाखेत नवखा अधिकारी असेल तर शांतपणे शाखाधिकाऱ्यांना भेटा.

एक विनंती. पालकत्व घेतलं म्हणजे त्याचं बोलणं संपलं असं समजू नका. काही तरुणांना थोडीच मदत लागते. त्यांच्यासाठी २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची सोय आहे, ज्यात निर्णय त्याच्याशी बोलून, त्याच्या इच्छेप्रमाणे घ्यायचा असतो. शर्ट कुठला, जेवायला काय, कामाला कुठे जायचं, हे भाऊ स्वतः ठरवतो. आधी मीच ठरवायचे. मग लक्षात आलं की त्याने ठरवलेल्या गोष्टीवर तो भांडत नाही.

कामाचंही याच वयात बघा. विशेष शाळांच्या कार्यशाळांत कागदी पिशव्या, पणत्या, फाइली, मसाल्यांचं पॅकिंग शिकवतात. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणात १ टक्का असा आहे की ज्यात स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि अध्ययन अक्षमता येतात. जागा थोड्या असतात, पण जाहिरातीत तो रकाना वाचायची सवय ठेवा.

आमच्यानंतर कोण?

हा प्रश्न प्रत्येक आई विचारते, बहुतेकदा निघताना, दारात चप्पल घालता घालता. त्याला एका वाक्यात उत्तर नाही, पण आज करता येण्यासारख्या गोष्टी आहेत. मृत्युपत्र करा आणि त्यात मुलासाठी काय, ते कोण सांभाळणार, हे नावानिशी लिहा. मोठी रक्कम किंवा घर थेट त्याच्या नावावर करण्याऐवजी विश्वस्त नेमून ट्रस्ट करता येतो का, ते वकिलाला विचारा. भावंडांना गृहीत धरू नका, त्यांना बसवून विचारा. मला बाबांनी विचारलं होतं, मी बारावीत असताना, आणि ‘नाही म्हणालीस तरी चालेल’ असंही म्हणाले होते. म्हणून माझं ‘हो’ माझं स्वतःचं आहे.

राष्ट्रीय न्यासाच्या ‘समर्थ-घरौंदा’ योजनेखाली काही ठिकाणी अल्पकाळ किंवा कायम राहण्याची सोय आहे, खासगी निवासी संस्थाही आहेत. निवासी संस्था बघायला न कळवता, जेवणाच्या वेळी जा. ताटात काय आहे, संडास कसा आहे, दारांना बाहेरून कड्या आहेत का, हे बघा. तिथे राहणारी मंडळी तुमच्याशी बोलायला पुढे येतात की भिंतीला टेकून राहतात, तेही बघा. आणि पहिल्यांदा दोन दिवसच ठेवा, मग आठवडा. गरज अचानक पडायच्या आधी त्याला तिथलं अंथरूण ओळखीचं झालेलं असू दे.

आईवडिलांनी एकमेकांना धरून राहायला हवं. जिल्ह्यात पालकांची संघटना असेल तर सामील व्हा, ‘परिवार’ हा अशा पालक संघटनांचा राष्ट्रीय महासंघ आहे. नसेल तर तिघाचौघांनी महिन्यातून एकदा भेटायला सुरुवात करा. रात्री झोप लागत नसेल, स्वतःचंच काही खरं वाटत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतून बोलता येतं. आईने कितीतरी वर्षं हे कुणाशी बोलल्याशिवाय काढली. तुम्ही तसं करू नका.

कायदेशीर पालक झालात की सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. ३१ मार्च उलटला की मी निळी फाइल काढते. भाऊ शेजारी बसतो, पावत्या तारखेने लावून देतो, त्याला ते फार नीट जमतं. यंदाच्या जमेत कार्यशाळेचं मानधन होतं. खर्चात औषधं, दोन शर्ट, निरामयचं नूतनीकरण, रंगीत पेनं, आणि त्याने स्वतः सांगून लिहायला लावलेली एक नोंद: कार्यशाळेतल्या मित्रांसाठी अर्धा किलो पेढे.